कंट्रोलरांची पाठमोरी फेरी

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कंट्रोलरसाहेबांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मग फ्रिजवर वेळापत्रक चिकटलं. पाणी कधी भरायचं, कुकर कधी चढवायचा, दोन शिट्ट्यांमध्ये किती अंतर असायला हवं, सगळं त्यात होतं. आणि मग ते काकूंच्या मागे हाताची घडी घालून उभे राहायला लागले. "हं, आता झाकण काढ. काढ, काढ, उशीर होतोय," असं दिवसातून कितीदा तरी कानाशी ऐकून काकूंचा जीव मेटाकुटीला आला.

माणूस वाईट नव्हता हो. पण जन्मभर बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये बसून गाड्या हलवल्यावर माणसाला सवय लागते. आता हलवायला गाड्या उरल्या नव्हत्या, म्हणून ते बायकोला हलवत होते. काकू गॅलरीत कपडे वाळत घालायला निघाल्या की आतून आवाज यायचा, "कुठे? परत कधी?"

काकूंचं मागणं फार मोठं नव्हतं. आठवड्यातल्या दोन दुपारी हव्या होत्या त्यांना. पडदे ओढलेले, पंखा चालू, आणि घरात दुसरं माणूस नाही. एवढंच. त्यांनी हे एकदा फोनवर लेकीला सांगितलं आणि सांगताना त्यांना जवळजवळ रडू आलं.

"आई, इतिहास संग्रहालयात स्वयंसेवक हवेत," लेक म्हणाली. "लोकांना फिरवून माहिती सांगायची. बाबांना पाठव. त्यांना बोलायला मिळेल, लोक ऐकतील."

"लोकांनी काय पाप केलंय गं?" काकू म्हणाल्या. पण तोवर त्यांनी हात पुसून पत्ता लिहूनसुद्धा घेतला होता.

संग्रहालयाच्या प्रमुख मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या आणि तोलूनमापून बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माहितीची जाडजूड वही कंट्रोलरांच्या हातात ठेवली आणि बजावलं, "पाहुण्यांकडे पाठ करायची नाही. आपले मार्गदर्शक पाहुण्यांकडे तोंड करूनच बोलतात आणि बोलत बोलत मागे मागे चालतात. तुमची पाठ दिसली की लोक पांगतात. आणि गट एकटा सोडायचा नाही. काहीही होवो. या दोन गोष्टी जमल्या तर चाचणी फेरीनंतर तुम्हाला कायम करू."

झालं. घराचं संग्रहालय झालं. बेडरूम म्हणजे अश्मयुग, हॉल म्हणजे शेतीची सुरुवात, स्वयंपाकघर म्हणजे भांडीकुंडी आणि गॅलरी म्हणजे नाणी. कंट्रोलर सकाळ-संध्याकाळ हातवारे करत मागे मागे चालायचे. फ्रिजवर आपटले, दारात बोटं चेमटली, एकदा तर धुण्याच्या बादलीत बसले. काकू भाजी ढवळत असताना ते दारातून पाठमोरे आत शिरायचे आणि वळून म्हणायचे, "ताई, कृपया मांडलेल्या वस्तूंना हात लावू नका."

"अहो, करपेल!"

"प्रश्न शेवटी घेऊ."

काकूंनी ओठ आवळून सगळं सोसलं. कारण शेवटी त्या दोन दुपारी होत्या.

चाचणी फेरीच्या दिवशी काकूही गेल्या. गेल्या नसत्या, पण गटात माणसं कमी पडली तर फेरी रद्द होईल, ही भीती. संग्रहालयाच्या पायऱ्यांवरच कंट्रोलरांनी त्यांना बाजूला घेतलं.

"हे बघ, आत गेल्यावर तू मला ओळखत नाहीस."

"आनंदाने," काकू म्हणाल्या.

"मध्ये बोलायचं नाही. सुचवायचं नाही. मॅडमना वाटेल, घरचं माणूस आणलंय मदतीला."

गट जमला. एक दाताचे डॉक्टर होते, सुट्टीच्या दिवशीही समोरच्याच्या तोंडात डोकावून बघणारे. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि एक नवं जोडपं, ज्यांना इतिहासात रस नव्हता पण आत थंड होतं. मॅडम म्हणाल्या, "मला आज विश्वस्तांना घेऊन फिरायचंय. तुमची फेरी संपली की हे चौघे-पाच जण काय म्हणतात ते ऐकून निर्णय घेईन." आणि त्या गेल्या.

अश्मयुग झकास झालं. काय वर्णावं! कंट्रोलरांचा आवाज डेपोत कमावलेला, हातवारे भारदस्त. दगडी हत्यारांचं ते असं काही सांगत होते, की काकूंनाही क्षणभर आपण लग्न कुणाशी केलंय याचा अभिमान वाटला. दोन दुपारी आता हाताशी आल्याच म्हणायच्या.

त्या दालनाच्या टोकाला दोन वाटा होत्या. एक मोठी कमान, पुढच्या दालनात नेणारी. दुसरं एक भिंतीच्याच रंगाचं बारकं दार, त्यावर पाटी, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी'. आता घरी बेडरूममधून मागे मागे निघालं की दार कंट्रोलरांच्या डाव्या हाताला यायचं. तेव्हा इथेही ते बोलत बोलत डावीकडेच सरकले.

काकूंना पाटी दिसत होती. "अहो, ते दार—"

"ताई, प्रश्न शेवटी," कंट्रोलर म्हणाले आणि नीट न लागलेलं ते दार पाठीने ढकलून आत गेले.

मागोमाग गट गेला. सर्वांत शेवटी दाताचे डॉक्टर. त्यांच्या पाठीमागे दार आपोआप लागलं, आणि आतून बघावं तर त्याला मूठ नाही, कडी नाही. भिंतीवर कार्ड लावायचा एक डबा होता, त्यात लाल दिवा लागलेला.

समोर लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना लाकडी खोकी. कंट्रोलरांनी चोरून मान वळवली आणि काकूंना त्यांचा उजवा कान लाल होताना दिसला. तो कान त्यांनी संसारात फार वेळा पाहिला होता. पाहुण्यांच्या घराचा रस्ता चुकला की तो लाल व्हायचा आणि नेमके तेव्हाच त्यांच्या आवाजात दुप्पट विश्वास यायचा.

"प्रेक्षकहो!" कंट्रोलर गरजले. "आतापर्यंत आपण वस्तू पाहिल्या. पण वस्तू दालनात येण्याआधी कुठे असतात? तर इथे! ही त्यांची प्रतीक्षा. काहींची गाडी लागलेली आहे, काहींची रद्द झालेली आहे."

"वा!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हे कोणी दाखवत नाही हं."

काकू दात-ओठ खात पुढे सरकल्या आणि कुजबुजल्या, "अहो, चुकलाय तुम्ही. सरळ सांगा आणि कुणाला तरी बोलावून आणा."

"गट एकटा सोडायचा नाही," कंट्रोलर ओठ न हलवता म्हणाले. "आणि तू मला ओळखत नाहीस."

डोकं फोडून घ्यावं तर आजूबाजूला सगळं पुराणवस्तूंचं सामान. काकूंनी मग एकच केलं. प्रत्येक वळण, प्रत्येक दार नीट लक्षात ठेवायला सुरुवात केली. निदान पोलीस आले तर कुठून कुठे आलो ते सांगता तरी येईल.

बोळ संपल्यावर एक उजेडाची खोली लागली. आत एक बाई कपाळावर भिंग बांधून, दोन्ही हातांत एका फुटक्या रांजणाच्या दोन खापऱ्या एकमेकींना चिकटवून धरून बसली होती.

"कोण तुम्ही?" तिने मान न हलवता विचारलं.

"चाचणी फेरी," काकू चटकन म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. "बाहेर जायचा रस्ता कुठला हो? तुमच्याकडे कार्ड असेल ना?"

"आहे, पण खिशात. आणि डिंक सुकेपर्यंत हात सोडता येत नाही मला. आत्ता सोडला तर महिन्याभराचं काम जमिनीवर." तिने हनुवटीने दाखवलं. "त्या दारातून जा आणि लगेच उजवीकडे वळा. आठवणीने, उजवीकडे."

आता ती बाई आणि गट एकमेकांसमोर नव्हते, एकाच दिशेला तोंड करून होते. गटाचं उजवं तेच तिचं उजवं. पण कंट्रोलर? ते गटाकडे तोंड करून, मागे मागे चालत. त्यांनी आपल्या उजवीकडे वळण घेतलं, म्हणजे नेमकी उलट दिशा.

"अहो, उजवीकडे!"

"उजवीकडेच वळलोय!"

"तुमचं उजवं नाही हो, आमचं!"

"उजवं म्हणजे उजवं. त्यात तुमचं-आमचं काय?" कंट्रोलर म्हणाले आणि सगळा गट घेऊन भांडारात शिरले.

भांडार म्हणजे उंचच उंच फळ्या आणि त्यावर नुसते तुकडे. एका फळीवर हात, एकीवर पाय, एकीवर डोक्याविना रांगेत उभे असलेले दगडी राजे. कंट्रोलर म्हणाले, "हे सुटे भाग." बाकी काही सुचेना त्यांना. एवढ्यात दाताच्या डॉक्टरांनी किंकाळी फोडली.

"जबडे!"

एका ट्रेमध्ये जुन्या माणसांचे जबडे मांडलेले होते. डॉक्टर त्यावर असे वाकले की हलेचनात. "हा बघा, दाढ किडलेली! आणि ही वेडीवाकडी अक्कलदाढ! बिचारा! किती कळ मारली असेल याला!"

"डॉक्टर, चला ना आता," काकू म्हणाल्या.

"बाई, या माणसाला हजारो वर्षं कोणी तपासलेलं नाही. दोन मिनिटं द्या."

गट एकटा सोडायचा नसल्यामुळे गटातला एकजणही सोडता येत नव्हता. सगळे खोळंबले. नव्या नवरीचे पाय दुखायला लागले, तिचा नवरा कळवळला, आणि त्याने कोपऱ्यातली एक कोरीव खुर्ची पुढे ओढून प्रेमाने म्हटलं, "बैस ना तू."

ती बसली. आणि जी काही घंटा वाजायला लागली, काय विचारता! छतातून, भिंतींतून, जमिनीखालून. मग कुठल्यातरी कर्ण्यातून आवाज आला, "भांडारात अनोळखी माणसं शिरली आहेत. पहारेकऱ्यांनी सगळी दारं बघावीत."

लांबून बुटांचा आवाज यायला लागला. नवरी रडकुंडीला आली, मुख्याध्यापिकांनी छत्री सरसावली. मघाशी काकूंना कंट्रोलर नापास होतील एवढीच भीती होती. आता दोघांची वरात चौकीत जाणार आणि त्यानंतर हे गृहस्थ जन्मात घराबाहेर पडणार नाहीत, हे त्यांना लख्ख दिसायला लागलं.

"प्रेक्षकहो, आपल्या मागून दुसरी गाडी येतेय," कंट्रोलर म्हणाले. आवाजात तरीही तोच रुबाब. "जरा वेग वाढवू."

आणि मागे मागे पळायला लागले. काकूंनी डॉक्टरांना दंडाला धरून जबड्यांपासून ओढून काढलं. फळ्यांच्या मागून एक जिना खाली जात होता, तिथे पाण्याच्या टाकीजवळ पाना मांडीवर घेऊन प्लंबर बसला होता.

"आलात का!" तो उठलाच. "मला इथे सोडणारे 'थांब, येतो' म्हणून गेले ते गेले. काम करून कधीचा बसलोय. बाहेर चाललात ना? मी येतो."

दुसरा कोणी असता तर हो म्हणून पुढे निघाला असता. पण श्रोता वाढला की कंट्रोलरांना राहवत नसे. त्यांनी भिंतीवरच्या नळाकडे हात केला. "इथे आपल्याला प्राचीन जलव्यवस्थेचे—"

"काल बसवलाय साहेब."

"—जलव्यवस्थेचे आधुनिक रूप पाहायला मिळते."

"अहो, पुरे!" काकू आता ओरडल्याच. "ते आले बघा! त्या दाराखालून उजेड येतोय, तिकडे चला!"

बुटांचा आवाज जिन्यावर आला होता. काकूंनी पुढे होऊन ते दार उघडलं आणि कंट्रोलर पाठीने आत घुसले. आत अंधारं, गवताने शाकारलेलं काहीतरी होतं. त्याच्यापुढे आणखी एक ठेंगणं दार. कंट्रोलर वाकून, पाठमोरेच त्यातून बाहेर पडले, हात उंचावून म्हणाले, "आणि आता थोड्याच वेळात आपण मुख्य दालनात—" आणि त्यांची टाच कशाला तरी अडली.

ते खाली बसले. म्हणजे पहिल्या शेतकऱ्याच्या बायकोच्या मांडीत बसले.

'पहिल्या शेतकऱ्याचं घर' हा संग्रहालयाचा सर्वांत आवडता देखावा. झोपडी, दारात शेतकरी, त्याची बायको, दोन शेळ्या, सगळे पुतळे, पण हुबेहूब. आणि दोरीच्या पलीकडे, चष्म्यावरून बघत, विश्वस्तांना घेऊन मॅडम उभ्या होत्या. झोपडीतून आधी कंट्रोलर आले होते. आता काकू आल्या, मग छत्री उगारलेल्या मुख्याध्यापिका, मग नवं जोडपं, डॉक्टर, आणि शेवटी खांद्यावर पाना टाकून प्लंबर.



पाहुण्यांकडे पाठ करायची नाही, हा पहिला नियम. आणि कंट्रोलरांची संबंध पाठ त्या वेळी मॅडमकडे होती.

"अहो, उठा!" काकू किंचाळल्या. "परक्या बाईच्या मांडीवर काय बसताय!"

विश्वस्तांमधले एक अगदी वयस्कर गृहस्थ आतापर्यंत उभ्याउभ्या डुलक्या घेत होते. ते खडबडून जागे झाले आणि खो खो हसायला लागले. मग दुसरे हसले. मग पोरंटोरं, सगळं दालन. तेवढ्यात झोपडीतून दोन पहारेकरी धापा टाकत बाहेर आले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी सगळ्यांना कचेरीत नेलं. कंट्रोलरांचे दोन्ही कान लाल होते.

"गट एकटा सोडला नाहीत, हे मान्य करते," मॅडम थंडपणे म्हणाल्या. "पण गट नेलात कुठे कुठे?"

काकूंनी मनातल्या मनात त्या दुपारींना निरोप दिला. गेल्या. आता कुकर, वेळापत्रक, आणि मानेवर श्वास. मरेपर्यंत. भर कचेरीत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण डॉक्टर पुढे झाले. "मॅडम, चाळीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, इतकी सुंदर दुपार गेली नव्हती. मला ते जबडे पुन्हा बघायचेत."

"मी इतिहास शिकवला जन्मभर," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण कुणी मागून कधी दाखवला नव्हता. पळायला लागलं ते सोडा, पण छान होतं."

आणि दारातून ते वयस्कर विश्वस्त डोकावले. "पडद्यामागची ही फेरी पुन्हा कधी आहे? माझ्या सुनांना, नातींना आणायचंय. मॅडम, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सुचलं हो तुम्हाला!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बुधवारी," त्या म्हणाल्या, "आणि शनिवारी. दुपारी."

बुधवारी आणि शनिवारी! काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांना पडद्यातून झिरपणारा उजेड दिसला, पंख्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. कंट्रोलरांकडे बघून त्या अशा हसल्या, की लग्नानंतर तशा हसल्या नसतील.

विश्वस्त गेल्यावर मॅडमनी वही उघडली. "हं. आता मार्ग सांगा. नेमके कुठून कुठे गेलात?"

कंट्रोलरांनी हाताने मागे दाखवलं. "असं... आधी मागे गेलो. मग आणखी मागे."

"म्हणजे सांगता येत नाही?"

"मी मागे मागे चालत होतो हो मॅडम. मला फक्त माणसं दिसत होती."

"मग फेरी होणार कशी?" मॅडमनी वही मिटायला घेतली.

काकूंनी ती मिटणारी वही पाहिली आणि त्यांच्या तोंडून एका दमात सगळा रस्ता बाहेर पडला. भिंतीच्या रंगाचं दार, खोक्यांचा बोळ, चिकटवणाऱ्या बाईंची खोली, तिथून आमचं नव्हे तर यांचं उजवं, जबड्यांची फळी, जिना, टाकी, झोपडी. एक वळण चुकलं नाही.

मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. कंट्रोलरांची छाती फुगली. "ही माझी बायको," ते म्हणाले. "ही असली म्हणजे मला मागे बघावंच लागत नाही."

"खरंच की," मॅडम हळूहळू म्हणाल्या. "मागे चालणाऱ्याला दारं उघडून देणारं कुणीतरी हवंच. इतकी वर्षं आम्हाला सुचलं कसं नाही?" आणि त्यांनी कपाटातून स्वयंसेवकाचं दुसरं जाकीट काढलं.

"नको, नको!" काकू दचकल्या. "मी नकाशा काढून देते ना!"

"ती खूश होऊन येईल," कंट्रोलर म्हणाले. "तिला घरी एकटीला करमतच नाही."

काकूंनी मंगळवारी जिवाचं रान केलं. नकाशा काढला, घरात दारांना चिठ्ठ्या लावल्या, कंट्रोलरांना कितीदा तरी मागे मागे फिरवलं. दर वेळी ते बोलत बोलत बाथरूममध्ये गेले आणि तिथल्या नळावर भाषण करून थांबले. शेवटी काकूंनी हात टेकले आणि जाकिटाची बटणं लावून पाहिली. स्वयंसेवक म्हणजे म्हणे आपल्या इच्छेने येणारा.

आता दर बुधवारी आणि शनिवारी त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे असतात. कंट्रोलर त्यांच्याकडे पाठ करून बोलतात, त्या दारं उघडतात आणि "पायरी आहे," "डावीकडे," "अहो, तुमच्या डावीकडे," असं सांगत राहतात. गर्दी वाढतच चाललीय. परवा गटातल्या एक बाई बोळात पुढे होऊन त्यांच्याशेजारून चालत होत्या.

"किती नशीबवान हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "निवृत्तीनंतरही दोघं सतत बरोबर. मग या वेळी घरी कोण असतं?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या आणि पुढचं दार धरून उभ्या राहिल्या. "या दोन दुपारी आमचं घर इतकं शांत असतं म्हणून सांगू! म्हणजे, असणार. मी काही पाहिलेलं नाही."